खान्देशचा सातबारा

१९५७ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनसंघाचे अवघे चार उमेदवार निवडून आले. बलरामपूरहून निवडून आलेले तरुण अटलबिहारी वाजपेयी पुढे देशाचे पंतप्रधान झाले. हरदोईची दुसरी जागाही उत्तर प्रदेशातलीच. उरलेल्या दोन जागा तत्कालीन द्वैभाषिक मुंबई राज्यातल्या, आणि दोन्ही मराठी मुलखातल्या. रत्नागिरीतून प्रेमजीभाई आसर आणि धुळ्यातून उत्तमराव लक्ष्मणराव पाटील. देशभरात ज्या पक्षाची गणना हाताच्या बोटांवर होत होती, त्या पक्षाची पणती तापी-पांझरेच्या खोऱ्यात त्या वर्षीच उजळली होती.

या घटनेचा अभिमान कार्यकर्त्यांनी जरूर बाळगावा. परंतु अभिमानाचे रूपांतर मालकी हक्कात होऊ लागले की इतिहास पुन्हा उघडून वाचावा लागतो. गेल्या काही वर्षांत ‘खान्देश म्हणजे बालेकिल्ला’ हे वाक्य व्यासपीठावरून इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की जणू या भूमीच्या सातबाऱ्यावर एका पक्षाचे नाव कायमचे चढले आहे. २०२४ च्या निवडणुकीत खान्देशातल्या चार लोकसभा जागांपैकी धुळे आणि नंदुरबार या दोन जागा गेल्या, तेव्हा या समजुतीला तडा गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील विधानसभा निवडणुकीत जळगाव जिल्ह्यातील अकराच्या अकरा आणि धुळे जिल्ह्यातील पाचही जागा महायुतीने जिंकल्या आणि तो तडा गुलालाने लिंपून टाकण्यात आला. विजयाच्या मिरवणुकीत पराभवाची चौकशी कोणी करत नाही. म्हणूनच ती आता शांतपणे करणे आवश्यक आहे.

लाट येते आणि ओसरते

१९५७ चा विजय नेमका कशाचा होता? खान्देश तोवर काँग्रेसचा होता. काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली फैजपूरला भरले होते. साने गुरुजींचे अमळनेर याच मुलखातले. १९५२ मध्ये जळगावहून निवडून गेलेले हरि विनायक पाटसकर नेहरूंच्या मंत्रिमंडळात विधी खाते सांभाळत होते. अशा मुलखात पाच वर्षांत काँग्रेसची पाळेमुळे हलली ती संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर. मराठी माणसाला त्याचे राज्य आणि मुंबई नाकारली गेली, तेव्हा जनसंघासह सारे विरोधी पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली आले. त्या लोकक्षोभाचे सामर्थ्य असे, की पूर्व खान्देशातून नौशीर भरुचा हे मुंबईचे पारशी वकील अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. मतदाराने त्यांची जात विचारली नाही, की गावही विचारले नाही.

लाट मात्र लाटच असते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, मुख्य गाऱ्हाणे मिटले आणि १९६२ मध्ये धुळ्याची जागा काँग्रेसच्या चुडामण आनंदा पाटलांकडे गेली. १९६७ आणि १९७१ मध्येही तीच परंपरा चालू राहिली. लाटेने दिलेली जागा लाटेबरोबर गेली, यात आश्चर्य काहीच नाही. विचार करण्यासारखी गोष्ट त्यानंतर घडली. उत्तमराव पाटील पुन्हा लोकसभेत गेले ते १९८९ साली, एरंडोल मतदारसंघातून. मधला काळ बत्तीस वर्षांचा होता.

या बत्तीस वर्षांत काय घडले, हेच खान्देशच्या निवडणूक इतिहासाचे खरे प्रकरण आहे आणि नेमके तेच हल्लीच्या भाषणांतून गाळले जाते. आणीबाणी आली, संघावर बंदी आली, कार्यकर्ते तुरुंगात गेले. १९७७ मध्ये एरंडोलहून सोनुसिंग धनसिंग पाटील आणि जळगावहून यशवंत बोरोले हे जनता पक्षाचे उमेदवार विजयी झाले. सोनुसिंग पाटील केंद्रात गृह राज्यमंत्री झाले. तरीही त्या प्रचंड लाटेत शेजारच्या धुळ्याने काँग्रेसलाच निवडले, ही गोष्ट विसरता येत नाही. १९७८ च्या पुलोद मंत्रिमंडळात उत्तमराव पाटील महसूलमंत्री होते. १९८० मध्ये भाजपाची स्थापना झाली तेव्हा महाराष्ट्राचे पहिले प्रदेशाध्यक्षपद त्यांच्याकडे आले. परंतु त्या वर्षी आणि पुढे १९८४ मध्येही जळगाव, एरंडोल आणि धुळे या तिन्ही जागा काँग्रेसकडेच राहिल्या. सत्ता दूर होती, साधने तुटपुंजी होती, उमेदवारीसाठी रांग लागत नव्हती. तरीही शाखा भरत होत्या, वसतिगृहे चालत होती, एसटीने आणि सायकलने गावोगावी संपर्क होत होता. १९८९ चे यश त्या वहिवाटीचे फळ होते. कूळकायद्याच्या काळात ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा महाराष्ट्राने ऐकली. लोकशाहीत तिचा अर्थ याहून वेगळा नाही.

मतदाराने कोणालाच कायमचे दिले नाही

त्यानंतरच्या दशकाचा हिशेब बालेकिल्ल्याची भाषा करणाऱ्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावा. १९९१ मध्ये जळगावहून गुणवंतराव सरोदे निवडून आले, पण एरंडोल पुन्हा काँग्रेसच्या विजय नवल पाटलांकडे गेले आणि धुळेही काँग्रेसकडे राहिले. १९९६ मध्ये तिन्ही जागा भाजपाने जिंकल्या. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, जळगाव काँग्रेसच्या डॉ. उल्हास पाटलांनी आणि धुळे डी. एस. अहिरे यांनी जिंकून घेतले. उरले केवळ एरंडोल. १९९९ मध्ये पुन्हा तिन्ही जागा आल्या. २००४ मध्ये धुळे पुन्हा काँग्रेसच्या बापू चौरे यांच्याकडे गेले. जळगाव व एरंडोल राखले गेले.

या आकड्यांतून एक गोष्ट लख्खपणे पुढे येते. १९९८ मध्ये देशाने अटलजींना पंतप्रधान केले आणि त्याच निवडणुकीत खान्देशच्या दोन मतदारसंघांनी काँग्रेसचा खासदार पाठवला. २००४ मध्ये देशाने अटलजींचे सरकार घालवले आणि त्याच निवडणुकीत जळगाव व एरंडोलने भाजपाचा खासदार निवडला. ‘वर नेतृत्व भक्कम असले की खाली कोणीही उभा केला तरी चालतो’ असे सांगणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे? दिल्लीचा वारा खान्देशात पोहोचतो, पण तो तापीच्या काठावर आला की त्याची दिशा इथला शेतकरी ठरवतो.

हाच नियम काँग्रेसलाही लागू पडला. नंदुरबारमधून माणिकराव गावित १९८१ पासून सलग नऊ वेळा निवडून गेले. देशातला पहिला ‘आधार’ क्रमांक देण्याचा सोहळा २०१० मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत याच जिल्ह्यातल्या टेंभली गावी झाला. बालेकिल्ला म्हणावा असा मतदारसंघ महाराष्ट्रात कोणता असेल तर हाच. २०१४ मध्ये डॉ. हीना गावित यांनी तो जिंकला, २०१९ मध्ये राखला आणि २०२४ मध्ये तो काँग्रेसच्या गोवाल पाडवी यांच्याकडे दीड लाखांहून अधिक मताधिक्याने परत गेला. तीस वर्षे एका घराला मते देणाऱ्या मतदारालाही पाठ फिरवता येते, आणि पाठ फिरवल्यावर पुन्हा वळताही येते. त्याला गृहीत धरणाऱ्यांनी नंदुरबारचा हा धडा पाठ करून ठेवावा.

२००५ चा डाग

खान्देशच्या निवडणूक इतिहासातले सर्वांत काळे पान विरोधकांनी लिहिलेले नाही. १२ डिसेंबर २००५ रोजी एका वृत्तवाहिनीने संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे स्वीकारणाऱ्या खासदारांचे चित्रीकरण दाखवले. रक्कम पंधरा हजारांपासून एक लाख दहा हजारांपर्यंत होती. २३ डिसेंबरला अकरा खासदारांचे सदस्यत्व रद्द झाले. त्यांत सहा भाजपाचे होते आणि त्या सहांपैकी दोघे एकट्या जळगाव जिल्ह्यातले. जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील. अण्णासाहेब चार वेळा निवडून आलेले आणि वाजपेयी मंत्रिमंडळात ग्रामीण विकास खात्याचे राज्यमंत्री राहिलेले होते. जिल्ह्यातल्या दोन्ही जागा रिकाम्या झाल्या. २००७ च्या पोटनिवडणुकीपर्यंत जळगाव जिल्ह्याच्या वतीने लोकसभेत उभे राहून बोलणारा एकही माणूस उरला नाही.

शिक्षा अपराधाच्या मानाने कठोर आहे, असे म्हणून भाजपा सदस्यांनी त्या दिवशी लोकसभेत सभात्याग केला. संसदेला बडतर्फीचा अधिकार आहे का, हा घटनात्मक वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १० जानेवारी २००७ रोजी न्यायालयाने बहुमताने बडतर्फी वैध ठरवली. कायद्याचा कीस काढणे वकिलांचे काम आहे आणि ते त्यांनी केले. परंतु ज्या कार्यकर्त्याने उन्हातान्हात दारोदार फिरून ‘वेगळ्या चालीचा पक्ष’ म्हणून मते मागितली होती, त्याच्यासमोर घटनेचा प्रश्न नव्हता. चौकातल्या पानटपरीवर त्याला ‘तुमचा माणूस कितीला गेला’ असे विचारले जात होते आणि त्यावर त्याच्यापाशी उत्तर नव्हते. वीस-तीस वर्षे चालवलेल्या संघटनेची पुण्याई काही हजार रुपयांत मोडीत निघाली.

पोटनिवडणुकीत मतदाराने जो न्याय दिला, तो मोठमोठ्या विश्लेषकांनीही अभ्यासावा असा आहे. जळगावमध्ये भाजपाचे हरिभाऊ जावळे निवडून आले. एरंडोल मात्र राष्ट्रवादी काँग्रेसच्या वसंतराव मोरे यांच्याकडे गेले. जखम दोन्हीकडे एकच होती, निकाल वेगळे लागले. एरंडोलच्या मतदाराने १९९६ पासून सलग चार वेळा दिलेला विश्वास काढून घेतला. जळगावच्या मतदाराने पक्षाला आणखी एक संधी दिली. मतदार पक्ष पाहतो, तसा माणूसही पाहतो. विचार पाहतो, तसा व्यवहारही पाहतो. विचार शुद्ध आहे म्हणून व्यवहाराचे दोष पोटात घालावेत, अशी सवलत खान्देशने कोणालाही दिलेली नाही.

उमेदवारीचा बाजार

२००८ च्या पुनर्रचनेत एरंडोल हा लोकसभा मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला. एरंडोल, अमळनेर, चाळीसगाव, पाचोरा हा भाग जळगावला जोडला गेला. रावेर, यावल, भुसावळ, जामनेर या केळीच्या आणि कपाशीच्या पट्ट्यातून रावेर हा नवा मतदारसंघ तयार झाला. मतदारसंघाचे नाव बदलले, तरी मतदार बदलला नाही. २००९ मध्ये जळगाव, रावेर आणि धुळे या तिन्ही जागा भाजपाने जिंकल्या आणि तेव्हापासून मताधिक्य वाढत गेले. जळगावमध्ये २०१४ साली ते पावणेचार लाखांच्या पुढे होते, २०१९ मध्ये ४ लाख ११ हजारांवर गेले. याच काळात संघटनेला न दिसणारी वाळवीही लागली.

मताधिक्य लाखांत मोजले जाऊ लागले की उमेदवारी ही सेवेची संधी न राहता मिळकत होते, आणि मिळकतीवरून भांडणे ठरलेली असतात. २०१४ मध्ये रावेरला हरिभाऊ जावळे यांची जाहीर झालेली उमेदवारी बदलून ती रक्षा खडसे यांना देण्यात आली. २०१९ मध्ये जळगावला दोनदा खासदार राहिलेल्या ए. टी. नाना पाटलांना वगळून स्मिता वाघ यांचे नाव जाहीर झाले आणि मग तेही मागे घेऊन चाळीसगावचे आमदार उन्मेष पाटील यांना उभे करण्यात आले. त्याच प्रचारात अमळनेरच्या सभेत पक्षाच्या व्यासपीठावर पक्षाच्याच मंडळींत हाणामारी झाली आणि ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. शिस्तीचे धडे ज्यांनी इतरांना द्यायचे, त्यांच्या व्यासपीठावर हे घडले.

पुढची गोष्ट त्याहून बोलकी आहे. २०२४ मध्ये उन्मेष पाटलांना उमेदवारी नाकारली गेली आणि चार लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आलेला हा विद्यमान खासदार ऐन निवडणुकीत ठाकरे यांच्या शिवसेनेत गेला. २०१९ मध्ये जाहीर झालेली उमेदवारी ज्यांच्या हातून काढून घेतली गेली, त्या स्मिता वाघ पाच वर्षे पक्षातच राहिल्या, आणि २०२४ मध्ये अडीच लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या. ज्याला मिळाले तो मिळेनासे होताच गेला. जिचे गेले ती थांबली. निष्ठा म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी अभ्यासवर्ग भरवण्याची गरज नाही. जळगावच्या लागोपाठच्या दोन निवडणुका पुरेशा आहेत. ‘निवडून येण्याची क्षमता’ हा शब्दप्रयोग करून उमेदवार ठरवणाऱ्यांनी ‘टिकून राहण्याची क्षमता’ कोणत्या रकान्यात लिहायची, तेही ठरवावे.

धुळ्याचे गणित

२०२४ मध्ये धुळ्यात डॉ. सुभाष भामरे यांचा काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांनी ३,८३१ मतांनी पराभव केला. निकाल लागताच सारे बोट मालेगाव मध्य या एका विधानसभा क्षेत्राकडे वळले. तिथे डॉ. बच्छाव यांना १ लाख ९८ हजारांहून अधिक आणि डॉ. भामरे यांना साडेचार हजारांच्या आसपास मते मिळाली, तर उरलेल्या पाचही क्षेत्रांत डॉ. भामरे पुढे होते. हे आकडे खरे आहेत आणि एका क्षेत्रातले मतदान इतके एकगठ्ठा व्हावे, यावर चर्चा होणे स्वाभाविक आहे. परंतु खरा आकडा जेव्हा अर्धवट सांगितला जातो, तेव्हा तो सबब होतो.

मालेगाव मध्य २०२४ मध्ये आकाशातून पडलेले नाही. २००८ च्या पुनर्रचनेपासून ते धुळे मतदारसंघात आहे. त्याच्यासह भाजपाने २००९, २०१४ आणि २०१९ अशा सलग तीन निवडणुका जिंकल्या. २०१९ मध्ये तर डॉ. भामरे यांचे मताधिक्य २,२९,२४३ होते. मालेगाव मध्यची पिछाडी वजा जाऊन उरलेले हे मताधिक्य होते; म्हणजे उरलेल्या पाच क्षेत्रांतली आघाडी त्याहूनही मोठी असली पाहिजे. २०२४ मध्ये त्याच पाच क्षेत्रांतली आघाडी एक लाख नव्वद हजारांच्या घरात आली. अगदी कमीत कमी धरले तरी अडतीस हजारांची घट या पाच क्षेत्रांतच झाली. पराभव ३,८३१ मतांचा, आणि घरातली गळती त्याच्या दसपट. धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, बागलाण आणि मालेगाव बाह्य इथल्या वस्त्यांत, वाड्यांत आणि घरांत ही मते विरघळली. ती का विरघळली, हे विचारण्यासाठी मालेगाव मध्यच्या मतदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची गरज नाही. त्याला मताचा अधिकार राज्यघटनेने दिला आहे आणि तो त्याने बजावला.

काही कारणे तर डोळ्यांसमोर होती. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. बागलाण आणि मालेगावच्या पट्ट्यातला उन्हाळी कांदा शेतातून निघत असताना भाव पडलेले होते. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी, तीही निर्यातशुल्काच्या अटीसह. धुळ्यात मतदान २० मे रोजी झाले. ज्याच्या चाळीतला कांदा मातीमोल झाला, त्याच्या ओट्यावर बसून राष्ट्रीय प्रश्नांवर व्याख्यान देणे फार कठीण असते. दहा वर्षे खासदार असलेल्या उमेदवाराविषयी काही नाराजी असेल, बूथवरचा कार्यकर्ता दुसऱ्या-तिसऱ्या निवडणुकीत थकला असेल, घरातला मतदार बाहेर पडला नसेल. या गोष्टींची तपासणी बूथवार यादी हातात घेऊन करता येते. दुसऱ्याच्या एकजुटीवर रडणे सोपे असते. स्वतःची एकजूट का विस्कटली, हे पाहायला धैर्य लागते.

दार आणि गादी

या साऱ्यावर सध्या एकच उपाय योजला जातो, तो म्हणजे प्रतिस्पर्ध्यालाच पक्षात घेणे. २००९ आणि २०१४ मध्ये धुळ्यात भाजपाविरुद्ध उभे राहिलेले शिरपूरचे अमरीश पटेल आज भाजपात आहेत. २०१९ मध्ये डॉ. भामरे यांच्याविरुद्ध लढलेले कुणाल पाटील १ जुलै २०२५ रोजी भाजपात आले. १९९८ मध्ये जळगाव हिरावून घेणारे डॉ. उल्हास पाटील २०२४ च्या आरंभी भाजपात आले. इतिहासाची गंमत अशी, की कुणाल पाटील हे १९६२ मध्ये धुळे काँग्रेसकडे परत नेणाऱ्या चुडामण पाटलांचे नातू. उत्तमरावांची जागा ज्यांनी घेतली, त्यांच्या घरातली तिसरी पिढी उत्तमरावांच्या पक्षात दाखल झाली आहे.

हा विजय मानायचा की नाही? समाज जोडत जाणे हे संघटनेचे कामच आहे. कालचा विरोधक आज विचार पटून येत असेल, तर त्याचे स्वागत व्हायलाच हवे. दार बंद करून बसलेली संघटना संप्रदाय होते. परंतु दार उघडणे वेगळे आणि गादी रिकामी करून देणे वेगळे. आलेल्या माणसाने आधी सतरंजी उचलावी, बैठकीत मागे बसावे, विचार समजून घ्यावा, मग पुढे यावे. ही रीत जुनी आहे आणि तिच्यात कोणाचाही अपमान नाही. आज मात्र येणारा सकाळी येतो आणि संध्याकाळी त्याच्या नावाचा फलक लागतो. ज्याच्याविरुद्ध तीन-तीन निवडणुका रक्त आटवले, त्याच्यासाठीच मते मागायला त्याच कार्यकर्त्याला पाठवले जाते. कार्यकर्ता आज्ञाधारक असतो, तो जातो. पण तो पूर्वीसारखा दारावर थाप मारत नाही, आणि समोरच्या घरातली माणसे हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतात. ३,८३१ मतांची तूट अशा न मारलेल्या थापांचीच बनलेली असते.

बोजा कोणी फेडायचा?

सातबाऱ्यावर जसे नाव असते, तसा बोजाही असतो. खान्देशच्या सातबाऱ्यावर आश्वासनांचा बोजा मोठा आहे. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गासाठी धुळेकरांच्या कित्येक पिढ्यांनी निवेदने दिली. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी धुळ्यात येऊन धुळे-नरडाणा टप्प्याचे भूमिपूजन केले आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या, १८,०३६ कोटी रुपयांच्या पूर्ण मार्गाला मान्यता दिली. हे श्रेय ज्याचे त्याला द्यावे. पण मान्यता म्हणजे गाडी नव्हे. अमळनेर तालुक्यातला निम्न तापी प्रकल्प, म्हणजेच पाडळसे धरण, पाव शतकात पूर्ण झाले नाही, आणि या पाव शतकात मुंबईत सर्वच पक्षांची सरकारे येऊन गेली. गिरणेवरील सात बलून बंधाऱ्यांची घोषणा ऐकता ऐकता ज्यांची जमीन कोरडी राहिली, ते शेतकरी आज नातवंडांना तीच घोषणा ऐकवतात. हतनूरच्या पाण्यावर केळी उभी राहते आणि एका वादळात आडवी होते. कापूस ज्या भावाने विकला जातो, त्यात त्याचा खर्च निघत नाही.

हे प्रश्न सोडवणे हे खासदाराचे काम, आणि खासदाराला त्यांची आठवण करून देणे हे कार्यकर्त्याचे काम. उमेदवाराचा प्रचार केला म्हणजे आपले काम संपले, असे ज्या दिवशी कार्यकर्त्याला वाटू लागते, त्या दिवशी तो कार्यकर्ता न राहता कोणाचा तरी माणूस होतो. गावाच्या गाऱ्हाण्याचा कागद घेऊन खासदाराच्या कार्यालयात बसणे, उत्तर मिळेपर्यंत उठू नये आणि उत्तर मिळाले की ते गावात जाऊन सांगावे, यात पक्षद्रोह नाही. पक्षाचे रक्षण आहे. २००५ मध्ये असा प्रश्न विचारणारी माणसे खासदारांच्या भोवती पुरेशी असती, तर प्रश्नांची किंमत लावणारे दलाल त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नसते.

खान्देशच्या सात दशकांच्या इतिहासाने काँग्रेसलाही शिकवले आणि भाजपालाही. १९५७ ची पणती लाटेने पेटवली आणि वाऱ्याने विझवली. १९८९ ची पणती बत्तीस वर्षांच्या तेलावर तेवली. पुढची निवडणूक येईल तेव्हा पक्षापाशी सत्ता असेल, साधने असतील, आलेली माणसेही असतील. यादीप्रमुखाने दुपारी तीन वाजता बूथवरची यादी उघडून कोण अजून आले नाही ते पाहावे, उठून त्या घरी जावे आणि तिथल्या माणसाने त्याला ओळखून दार उघडावे, एवढी एक गोष्ट मात्र या साऱ्या साधनांनी विकत घेता येत नाही. ती वर्षभर, दरवर्षी, निवडणूक नसतानाही कसावी लागते. धुळे आणि जळगावच्या प्रत्येक मंडलाने हे काम आपल्या पुढच्या बैठकीच्या पहिल्या विषयात घ्यावे. सत्काराचे विषय नंतर घेता येतील.